थंडीच्या बातम्या

थंडी पडली की मुलांना बातम्या कळवायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. मुलगा टोरांटोला, मुलगी न्यू जर्सीला. दोघांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. आधी खाण्यापिण्याचं सांगायचं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली, लेकुरवाळ्या भाजीला पावटे कोवळे मिळाले. मग लग्नं, बारशी. आजारपण शेवटी, तेही बरं झाल्यावर!

यंदाची बातमी मात्र ह्या पद्धतीत बसेना. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. पारा फार उतरला की द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं. इतकी वर्षं हे सारं ह्यांनी केलं. आता गुडघे ऐकत नाहीत. बाग वाट्याने दिली.

हे मी सगळ्यात आधी सांगितलं. पलीकडे दोघंही गप्प. मग मुलानं विचारलं, "बाबा अजून पहाटे उठतात का गं?"

उठतात. शाल गुंडाळून ओट्यावर बसतात, दुसऱ्याने पेटवलेल्या शेकोटीचा धूर बघत. तेही सांगितलं. पोटच्या पोरांपासून लपवायचं काय?

तिळगूळ पाठवलाय. यंदाचे लाडू बाबांनी वळलेत, थोडे वाकडे आहेत.