खाडीचा जमाखर्च

ठाणे

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

1853 साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी जेथे येऊन थांबली, त्या स्थानकापासून चेंदणी कोळीवाडा फार दूर नाही. तेथील एका कोळीणबाईंच्या पाटीपुढे मी आज बराच वेळ रेंगाळलो. तिसऱ्यांचे वाटे लावताना त्या दोन शिंपल्या एकमेकींवर हलकेच वाजवून पाहत आणि चिखलाने भरलेली शिंपली गिऱ्हाइकाची नजर पडण्याआधीच बाजूस सारीत. "सासू माझी उधाणाच्या सुकतीला इथंच चिखलात उतरायची," त्या म्हणाल्या, "आता माल बाहेरून घ्यावा लागतो." सासूबाईंना भांडवल लागत नव्हते, त्यामुळे विकले ते सारे त्यांच्याच पदरी पडे, सुनेला पहाटेच व्यापाऱ्याचे पैसे चुकते करावे लागतात, आणि संध्याकाळी उरलेल्या मालाची तोशीस तिलाच. वेचणारीची विक्रेती झाली, ही बढती म्हणावी की पदच्युती?

या बदलाचे कारण पाण्यात आहे. साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे आणि वाढत्या शहरांचे सांडपाणी खाडीने पोटात घेतले, आणि शिंपली तर पाणी गाळूनच जगणारा जीव. पाण्यातले विष तिच्या मांसात साचते. याच खाडीला 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि 2022 साली रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. पक्ष्यांना सनद मिळाली याचे मला वैषम्य नाही. चिखलात पिढ्यान्‌पिढ्या उतरलेल्या बायकांची नोंद मात्र कोणत्याही दफ्तरात दिसत नाही, एवढेच.

डोंबिवली

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

मोठागावच्या काठावर उल्हास नदी पाहताना आपल्याकडचे शिनाण्यांचे, म्हणजे दोराला धरून वाढणाऱ्या शिंपल्यांचे, तराफे आठवले. पावसाळा सरल्यावर खडकांवरचे बी आणून सुती कापडाने दोराला बांधावे, कापड कुजेपर्यंत शिनाण्यांनी आपल्याच तंतूंनी दोर धरावा, आणि पुढचा पाऊस खाडीत गोडे पाणी आणण्यापूर्वी पीक काढावे, असा तो व्यवहार. कोंबडीला दाणे लागतात, कोळंबीला खाद्य लागते. शिनाण्यांना समुद्रच जेवू घालतो, म्हणून बांबू, दोर आणि मेहनत एवढ्या खर्चात बचत गटाच्या बायकांना हा व्यवहार पेलतो. केरळात कासरगोडकडील स्त्रियांनी नव्वदच्या दशकापासून तो गटाने चालवून दाखविला, आणि आपल्या सरकारनेही 2017 साली कांदळवनाकाठच्या गावांसाठी उपजीविकेची योजना काढली. परंतु खरे मुद्दल म्हणजे स्वच्छ खारे पाणी, आणि ते अनुदानातून विकत आणता येत नाही. वरच्या अंगाच्या शहरांचा मळ वाहून आणणाऱ्या येथील पाण्यात दोर सोडा असे कोणत्या तोंडाने सांगावे?

तुझ्या शेजारच्या गटातील बायकांना एवढे विचार, की तराफ्याखालच्या पाण्याचा परवाना कोणाच्या नावे आहे, त्याची मुदत किती, आणि उद्या वरच्या अंगाला एखादा कारखाना उभा राहिला, तर हरकत घेण्याचा अधिकार त्या कागदात लिहिला आहे काय. उत्तर ठाण्याच्याच पत्त्यावर धाडावे.