चेहऱ्याला थोडी उसंत दे

कराड,
१२ जानेवारी

चि. सई हिस,


तुझे फोटो काल रात्री मोठे करून नीट पाहिले. गालांवर पापुद्रे सुटलेत, हनुवटीवर लाल पुटकुळ्या आहेत आणि कपाळ मात्र चकाकतंय. क्रीम लावलं तर मुरमं येतात, नाही लावलं तर तोंड ओढल्यासारखं होतं, मग करू तरी काय, असं तू विचारलंस. फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आणि उरलेल्या अर्ध्याला ‘हो गं मावशी’ म्हणतेस, म्हणून हे लिहूनच पाठवते आहे.

आमच्या औषधांच्या दुकानातल्या फळीवर दोनच जाती असतात, तेलकट त्वचा आणि कोरडी त्वचा. तुझ्यासारखी मुलगी आली की दोन्हीकडच्या बाटल्या उचलून बघते आणि शेवटी तेलकटवाली घेऊन जाते, कारण मुरमांची लाज पापुद्र्यांपेक्षा जास्त. तिथेच बिघडतं. तेल आणि पाणी या त्वचेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तैलग्रंथी हार्मोनचं ऐकतात; तुझ्या वयात त्या जोरात असणारच, मग दिल्लीच्या राजेंद्रनगरात थंडी पडो की कराडात ऊन. पाणी धरून ठेवायचं काम मात्र सगळ्यात वरच्या थराचं. तो कागदापेक्षाही पातळ असतो. मृत पेशींचे पंधरा-वीस पदर, आणि त्यांच्या मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा लेप. वाड्याच्या दगडी भिंतीत चुना भरलेला असतो ना, तसा. चुना धुपला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं जे आत यायला नको ते येतं. मग साधं क्रीमही चरचरतं.

पापुद्रे का सुटतात, तेही यातच आहे. मेलेल्या पेशी रोज आपल्या नकळत एकेक करून गळत असतात. त्यांना एकमेकींपासून सोडवणारी जी विकरं त्या थरात असतात, त्यांना काम करायला ओल लागते. ओल गेली की पेशी सुट्या होत नाहीत, गुच्छाने सुटतात. तोच तुला दिसणारा कोंडा. तो खरवडून काढलास तर खालचा थर आणखी उघडा पडतो. त्यामुळे अक्रोडाच्या सालीचा तो स्क्रब कुणाला तरी देऊन टाक. पाय घासायला चालेल.

मुरमांची गोष्ट जरा वेगळी. रंध्राच्या तोंडाशी पेशी आणि तेल मिळून बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस नावाचा जंतू तेलावर पोसतो आणि सूज येते. (त्याचं जुनं नाव प्रोपिओनीबॅक्टेरियम. २०१६ साली शास्त्रज्ञांनी बारसं पुन्हा केलं, खोड्या त्याच राहिल्या.) म्हणजे तुझ्या चेहऱ्यावर एकाच वेळी दोन तक्रारी आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीला चिडवतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी भिंत, मग मुरमं. निदान तीन-चार आठवडे मुरमांकडे दुर्लक्ष कर. हे तुला सगळ्यात जड जाणार आहे, मला ठाऊक आहे.

दिल्लीचं म्हणशील तर बाहेरच्या धुक्यावर जाऊ नकोस. थंड हवेत बाष्प मुळातच कमी असतं आणि तीच हवा खोलीतल्या ब्लोअरने तापवली की आणखी कोरडी होते. तू ब्लोअर तोंडाकडे करून अभ्यास करतेस, हे मला तुझ्या आईकडून कळलंय. तो पायाकडे वळव. गीझरचं कढत पाणी अंगावर घे हवं तर, तोंडाला कोमटच. शिवाय तुमच्या पीजीत बोअरचं जड पाणी असेल, तर साबण त्यातल्या कॅल्शियमशी जुळून एक चिकट थर त्वचेवर ठेवून जातो. बादलीच्या कडेला पांढरा जमतो, तोच.

साबणाबद्दल तुझ्या आईचा हट्ट मी ऐकलाय, ‘जास्त टीएफएमवाला घे, तो सौम्य.’ ७६ टक्क्यांच्या वर असला की ग्रेड १ मिळते हे बरोबर, पण टीएफएम सांगतो साबणात मेद किती ते. साबण कितीही महाग असला तरी त्याचा पीएच ९-१० च्या घरात जातो आणि चेहऱ्याचा असतो ५ च्या आसपास. तोंडाला साबण नकोच. फेस न होणारं किंवा अगदी कमी होणारं साधं क्लिन्झर घे आणि तेही फक्त रात्री. सकाळी नुसतं पाणी. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. लेबलवर ग्लिसरीन आणि सिरॅमाइड दिसलं तर उत्तम, सुगंध नसला तर त्याहून उत्तम. ग्लिसरीन स्वस्त आहे म्हणून कुणी जाहिरात करत नाही, पण पाणी ओढून धरण्यात ते भारी नावाच्या कितीतरी सीरमना हार जात नाही. ओठांच्या कडा आणि नाकाचे कोपरे फारच फाटले असतील तर तिथे पेट्रोलियम जेलीचं बोट फिरव. ती रंध्रं बुजवते हा समज आहे. शुद्ध केलेली जेली तसं करत नाही.

आता आजीचं डाळीचं पीठ आणि साय. आजीच्या काळी तेही सणासुदीला, रोज नाही, आणि सायीतला मेद पिठाचा कोरडेपणा झाकून घ्यायचा. तू मुलतानी माती गुलाबपाण्यात कालवून तडकेपर्यंत ठेवतेस. ती माती तेल शोषते, आणि तुझ्याकडे शोषून घेण्याजोगं फारसं शिल्लक नाही. लिंबू तर अजिबात नको. त्याचा पीएच २ च्या आसपास, म्हणजे उघड्या कातडीवर ते आम्लच. आपल्या रंगाच्या त्वचेवर भाजल्याचा डाग महिनोन् महिने राहतो. टूथपेस्टबद्दल बोलतही नाही.

खोबरेल मात्र तू सोडणार नाहीस. केसांना लाव ना, पण रात्रभर ठेवून उशीवर तोंड घासत झोपू नकोस. केसांचं तेल कपाळावर उतरून तिथे बारीक पुटकुळ्या येतात, हे जुनं निरीक्षण आहे. आणखी एक पाहा: कोंडा भुवयांत, नाकाच्या घडीत, केसांच्या रेषेवर असेल, पिवळसर आणि तेलकट असेल, डोक्यातही असेल, तर तो कोरडेपणा नाहीच. मलासेझिया नावाच्या बुरशीचा तो उद्योग असतो. तिला तेलातली मेदाम्लं आवडतात, खोबरेलातलीसुद्धा. तिथे किटोकोनॅझोल लागतं, मॉइश्चरायझर नाही. तुझ्या फोटोत नाकापाशी मला तसाच थोडा संशय आहे, पण फोटोवरून मी बोलणार नाही. डॉक्टरांना दाखव.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. तू म्हणालीस, रूममेटने एक ट्यूब दिली, चार दिवसांत चेहरा ‘एकदम क्लिअर’ झाला, सोडल्यावर दुपटीने आलं, म्हणून परत लावलीस. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. असं चार दिवसांत जादू करणारं आमच्या फळीवर एकच असतं, स्टेरॉइड. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, अशी नावं असतात. कधी एकटं, कधी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीने. ती त्रिकुटाची कल्पना १९७५ सालची, वांगासारख्या डागांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची. आपल्याकडे ती गोरं होण्याचं क्रीम म्हणून गल्लोगल्ली पोचली. सूज दबते, लाली जाते, आरशात बरं वाटतं. आत कातडी पातळ होत जाते, बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि पुरळ फुटतं. थांबवलं की उसळतं, म्हणून माणूस पुन्हा लावतो. या चक्राला कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी २००८ मध्ये स्वतंत्र नावच दिलं, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा अशा अर्थाचं. २०११ साली छापून आलेल्या एका पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन देशातल्या निरनिराळ्या केंद्रांत आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण असं काहीतरी लावत होते. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. देतात. काउंटरवर उभी राहून मीच सांगते, चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

दोन-चार दिवसच लावलं असेल तर बंद कर आणि वाट बघ. आठवडे झाले असतील तर स्वतःच्या मनाने काही करू नकोस, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि ट्यूब बरोबर ने. लाजायचं काही नाही, त्यांच्याकडे रोज असे चेहरे येतात.

भिंत सावरली की मुरमांवर औषध. बेंझॉइल पेरॉक्साइड दिलं तर अडीच टक्क्यांचं माग. दहा टक्क्यांचं त्याहून जास्त काम करत नाही, जळजळ मात्र जास्त करतं. आणि तो तुझा निळा टॉवेल वाचव, रंग उडतो. अॅडापलीन दिलं तर वाटाण्याएवढं पुऱ्या तोंडाला पुरतं, फक्त पुटकुळीवर ठिपका द्यायचा नाही. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोन-तीन रात्री, खाली-वर मॉइश्चरायझर लावून. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. बाहेर पडताना एसपीएफ ३०, नाहीतर डाग काळे पडतात. खाण्याबद्दल सगळ्यांची मतं असतात. गोड आणि मैदा कमी केल्यास बऱ्याच जणींना फायदा होतो, एवढंच मी म्हणेन. पाळी मागेपुढे होत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांग. मग प्रश्न क्रीमचा उरत नाही.

तुझ्या आईला ट्यूबचं मी अजून सांगितलेलं नाही. आज रात्री ट्यूबचा फोटो पाठव. पुढची बाजू नको, मागची, जिथे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ती. नाव पुसट झालं असेल तर खोकं शोध. खोकंही नसेल तर ती ट्यूब लावू नकोस.

तुझी,
मावशी