पोस्टाने आलेले तत्त्वज्ञान



२०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी हाती पेन्सिल घेऊन एक पुस्तक वाचीत बसलो होतो. सहावीतील एक मुलगी हजेरीपत्रक ठेवावयास आली आणि माझ्या पुस्तकातील खुणा पाहून थबकली. “सर, तुमचीही परीक्षा आहे का?” तिने विचारले. मी म्हटले, “होय, डिसेंबरात.” तिने क्षणभर विचार केला आणि दुसरा प्रश्न टाकला, “आणि नापास झालात तर?” “पुन्हा बसेन,” असे मी म्हणताच तिच्या मुद्रेवर जे समाधान पसरले ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. संपादक-मंडळाने यंदाच्या अंकासाठी लेख मागितला, तेव्हा त्या मुलीला दिलेले ते त्रोटक उत्तर पुरे करावे असे मनात आले.

मी गणिताचा शिक्षक. ‘सिद्ध करणे’ हा माझा नित्याचा व्यवसाय. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हे मी किती वर्गांना शिकविले असेल याची गणती नाही. एकदा आठवीतील एका मुलाने उठून विचारले, “सर, जगातले सगळे त्रिकोण तर कोणी मोजले नाहीत, मग हे सगळ्यांना लागू आहे हे कसे कळले?” मी त्यास सिद्धता पुन्हा समजावून सांगितली. तो खाली बसला. माझे मन मात्र जागेवर बसेना. सिद्धतेवर तरी विश्वास का ठेवावयाचा? एखादी गोष्ट ‘मला ठाऊक आहे’ असे म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हा प्राप्त होतो? हे प्रश्न गणिताच्या पुस्तकात नव्हते. ते तत्त्वज्ञानाचे आहेत एवढे मला ऐकून माहीत होते; परंतु तत्त्वज्ञानाचे एक पानही मी कधी रीतसर वाचलेले नव्हते.

त्या वेळी माझे वय ४८ होते. नोकरी सोडून महाविद्यालयात जाणे शक्य नव्हते. अशा लोकांसाठी विद्यापीठांनी फार पूर्वीच एक वाट मोकळी केली आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली दूरस्थ उमेदवारांना आपल्या परीक्षांस बसण्याची मुभा दिली. आपल्या देशात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले; १९८२ साली हैदराबादेस पहिले मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास तेथे तत्त्वज्ञानाच्या एम. ए. ला प्रवेश मिळतो. मी नाव नोंदविले.

आम्हां बडोदेकरांना तर या कल्पनेचे नवल वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणविले. त्यात ‘फिरती ग्रंथालये’ होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात, वाचून होत आणि परत येत. ज्यास ग्रंथापर्यंत येता येत नाही त्याच्यापर्यंत ग्रंथाने जावे, हा विचार या नगरीत शंभर वर्षांहून जुना आहे. पोस्टमनने माझ्या दारात पुस्तकांचे जाड पुडके ठेवले, तेव्हा मला त्या पेट्यांचीच आठवण झाली.

पुडके उघडल्यावर उत्साह ओसरावयास फार वेळ लागला नाही. पहाटे साडेचारला उठावे, दिव्याखाली पुस्तक धरावे आणि एकाच परिच्छेदाशी तास घालवावा, असे कित्येक दिवस गेले. शिकविण्याची सवय जडलेल्या मनुष्यास पुन्हा ‘ढ’ होणे फार कठीण जाते. चाळीस मुलांच्या वर्गात न समजणारा विद्यार्थी निदान शेजाऱ्याकडे पाहून हसू तरी शकतो. मला शेजारी नव्हता. रविवारी मी मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसे. सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, “मुलांची परीक्षा संपली, आता तुमची सुरू झाली.” परंतु पहाटेचा चहा त्यांनी कधी चुकविला नाही.

एकलेपणाच्या त्या दिवसांत एका पत्रव्यवहाराने मला धीर दिला. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याने आत्मा आणि शरीर ही दोन अगदी भिन्न द्रव्ये आहेत असे प्रतिपादन केले होते. शरीर जागा व्यापते, आत्मा व्यापीत नाही. हॉलंडमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या एलिझाबेथ नावाच्या बोहेमियाच्या राजकन्येने १६४३ साली त्यास पत्र लिहून विचारले की, जो आत्मा जागाच व्यापीत नाही तो शरीरास हालवितो कसा? राजकन्येचे वय तेव्हा अवघे २४ होते. देकार्तच्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही आणि तिने तसे स्पष्ट लिहिले. १६४९ पर्यंत त्यांची पत्रे चालू राहिली. एवढ्या मोठ्या तत्त्ववेत्त्याला अडविणारा तो प्रश्न कोणत्याही वर्गात विचारला गेला नव्हता. तो दुरून, कागदावरून आला होता. समोरासमोर विचारलेल्या प्रश्नास आपण कसेबसे उत्तर देऊन सुटू शकतो. लिहिलेला प्रश्न मात्र टेबलावर तसाच पडून राहतो, हे मला त्या वेळी नुसते वाचून कळले. त्याचा अनुभव पुढे यावयाचा होता.

आमच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयासाठी घरी लिहावयाचा स्वाध्याय असे. त्याला शेकडा ३० गुण आणि परीक्षेला ७०. स्वाध्याय स्वहस्ते लिहून नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रावर द्यावा लागे. तपासून तो परत मिळे. २०१९ साली भारतीय तत्त्वज्ञानाच्या स्वाध्यायात मला न्यायदर्शनातील अनुमानावर लिहावयाचे होते.

अनुमानाचे प्रसिद्ध उदाहरण तुम्हांस थोडक्यात सांगतो. दूर डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे आपण ओळखतो. कारण जेथे धूर तेथे अग्नी, हे साहचर्य कधी मोडत नाही. यास ‘व्याप्ती’ म्हणतात. परंतु हेच उलटे करून ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे म्हणाल तर फसाल. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे. अग्नीच्या आड दडून बसलेली ही जी ओल्या सरपणाची अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी न तपासता केलेले अनुमान हा हेत्वाभास होय. म्हणजे दिसावयास कारण, परंतु वस्तुतः कारण नव्हे.

हे सारे मी नीट लिहिले आणि शेवटी स्वतःच्या अनुभवातील एक उदाहरण जोडले. २००९ साली नववीच्या सहामाही परीक्षेत शंकूच्या वक्रपृष्ठफळाचे एक गणित होते. त्रिज्या ७ सेंटिमीटर, उंची २४ सेंटिमीटर. तिरकस उंची २५ येते आणि उत्तर ५५० चौरस सेंटिमीटर. शेजारशेजारच्या बाकांवरील दोन मुलांनी तिरकस उंचीच्या जागी उभी उंचीच घातली होती आणि दोघांचेही उत्तर ५२८ होते. एक मुलगा हुशार, दुसरा गणितात कच्चा. कच्च्या मुलाने नक्कल केली असे अनुमान मी केले. तो एवढेच म्हणाला, “सर, मी माझंच लिहिलंय.” मी त्याचे गुण कापले, वर्गासमोर त्याला उभे केले आणि वर्षअखेरपर्यंत एकट्याला वेगळ्या बाकावर बसविले. हे उदाहरण मी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाचही अवयवांत मांडले होते. खरे सांगावयाचे तर, मांडणी साधली म्हणून मी स्वतःवर खूष होतो.

स्वाध्याय परत आला. गुण चांगले होते. त्या उदाहरणाशेजारी समासात तांबड्या शाईने तेवढे एक वाक्य लिहिलेले होते: उपाधी तपासली होती काय?

तपासनीस कोण, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनी मला पाहिलेले नव्हते, त्या मुलास तर नव्हतेच. वर्गात कोणी असे विचारले असते तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. परंतु कागदास काय सांगणार? चार दिवस तो प्रश्न माझ्यासमोर पडून होता. पाचव्या दिवशी मी माळ्यावरची ट्रंक काढली आणि २००९ सालची माझी टाचणवही शोधली.

परीक्षेपूर्वीच्या शनिवारी मी ज्यादा तास घेतला होता. सहा मुले आली होती. त्यांची नावे मी टिपून ठेवली होती. त्यांत ती दोन्ही नावे होती. खाली त्या दिवशी फळ्यावर सोडविलेली उदाहरणे होती. तिसरे उदाहरण शंकूचे. त्रिज्या ७, उंची २४. सूत्र बरोबर लिहिलेले, परंतु तिरकस उंचीच्या जागी घाईने २४ घातलेले, आणि त्याखाली माझ्याच अक्षरात, दुहेरी रेघ मारून, उत्तर: ५२८.

ओले सरपण मीच होतो.

बाकीची मुले पाठ्यपुस्तकावरून शिकली होती किंवा त्यांनी आपापल्या विचाराने गणित सोडविले होते. या दोघांनी मात्र गुरूवर विश्वास ठेवला होता. त्यांतल्या एकास त्या विश्वासाबद्दल मी शिक्षा केली आणि दुसऱ्यास केली नाही. कारण दुसऱ्याविषयी माझे मत चांगले होते. कच्चा मुलगा कच्चा होता म्हणूनच शनिवारी दुपारी ज्यादा तासाला येऊन बसला होता, एवढीही गोष्ट मी ध्यानात घेतली नाही.

चौकशी करीत करीत दिवाळीच्या सुमारास त्याचा पत्ता लागला. तो मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामास होता. सुट्टी होण्याच्या वेळी मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मला पाहताच तो वाकून नमस्कार करू लागला. मला ते सोसले नाही. टाचणवही सोबत नेली होती. ते पान मी त्यास दाखविले आणि क्षमा मागितली. तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, त्या दिवसानंतर मी ज्यादा तासाला येणं सोडलं.” त्याच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. पुढे त्याने समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि मला पैसे देऊ दिले नाहीत. ही हकीकत लिहिण्यापूर्वी मी त्याची अनुमती घेतली. तो म्हणाला, “नाव नका लिहू सर, पण पोरांना सांगा.”

म्हणून सांगत आहे. चौथ्या वर्षी मी एम. ए. झालो. माझ्या वेतनात त्यामुळे काही भर पडली नाही आणि कोनांच्या बेरजेविषयी त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे अखेरचे उत्तरही मला गवसले असे नाही. कांटचा प्रसिद्ध ग्रंथ १७८१ साली निघाला तेव्हा तो ५७ वर्षांचा होता. तेव्हा विचार करावयास मला अजून सवड आहे, असे मी मनाशी म्हणतो. मात्र एक गोष्ट माझ्यात बदलली. दोन उत्तरपत्रिकांत एकसारखी चूक आढळली की मी प्रथम माझी टाचणवही उघडतो. मग त्या दोघांना निरनिराळे बोलावून तेच गणित माझ्यासमोर पुन्हा सोडवावयास सांगतो, आणि ‘असे का केलेस?’ हे विचारल्यावर उत्तर पुरे ऐकून घेतो. यास फार तर दहा मिनिटे लागतात. २००९ साली ती दहा मिनिटे मी खर्च केली नाहीत.

तुम्हांपैकी कोणी पुढे तत्त्वज्ञान शिकेल, बहुतेक शिकणार नाहीत. परंतु मित्रावर, भावंडावर, शेजाऱ्यावर ठपका ठेवण्याची वेळ प्रत्येकावर येते. त्या वेळी समासातील तो तांबडा प्रश्न आठवा. आणि माझ्याकडूनच तुमच्यापैकी कोणावर पुन्हा अन्याय होत असेल, तर उभे राहून मला तो प्रश्न विचारा. उद्धटपणा समजला जाणार नाही, हे मी येथे लेखी देतो.

असो. हजेरीपत्रक घेऊन आलेली ती मुलगी आता शाळा सोडून गेली आहे. ‘नापास झालात तर?’ असे तिने विचारले होते. विद्यापीठाच्या परीक्षेत मी उत्तीर्ण झालो. परंतु २००९ सालच्या त्या सहामाहीत खरा नापास मीच झालो होतो, हे कळावयास मला दहा वर्षे लागली. तिला दिलेले उत्तर मात्र तेच कायम आहे. पुन्हा बसलो आहे.