मधे गाडी बदलायची आहे

कराड बसस्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून माझी शेवटची अकरा वर्षं चौकशीच्या खिडकीत गेली. पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांवरून आलेली, तुळजापूरला निघालेली माणसं खिडकीशी यायची. थेट गाडी गेलेली असली की मी सांगायचो, ‘मधे गाडी बदलावी लागंल, मावशी. सोलापूरला उतरा, तिथनं मिळंल.’ माझ्या दृष्टीनं विषय संपलेला असायचा. मावशी मात्र पिशवी छातीशी धरून विचारत राहायची, ‘सोलापूरला कुठं उतरायचं? फुडची गाडी कुठं लागती? कुणाला इचारू?’

त्या प्रश्नांचं वजन मला गेल्या मे महिन्यात कळलं. मुलीचं बाळंतपण अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डिमॉइन या गावी होतं. सौ. ओळखीच्यांच्या सोबतीनं आधीच पोहोचली होती. मी एकटा निघालो. तोवर मी विमानात पाय ठेवला नव्हता. मुंबई ते फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट ते शिकागो, शिकागो ते डिमॉइन, असे तीन टप्पे आणि मधे दोन ठिकाणी बदल.

मुलीनं तिन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढली होती. स्वस्तातली वेगवेगळी तिकिटंही मिळत होती, पण तिनं ती घेतली नाहीत. ती म्हणाली, ‘बाबा, एका तिकिटावर असलं आणि पहिलं विमान उशिरा पोहोचून पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीकडं लागतं. वेगळी तिकिटं असली की ज्याचं त्यानं निस्तरायचं.’ शिकागोला दीड तासाचा मुक्काम असलेला पर्यायही तिनं सोडला आणि जवळजवळ चार तासांचा घेतला. त्यामागचं कारण मला तिथं गेल्यावर समजलं.

मी माझ्या सवयीनं वहीच्या पानावर रकाने आखले: ठिकाण, पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. मे महिन्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागं आणि शिकागो साडेदहा तास मागं. म्हणून प्रत्येक वेळेशेजारी कंसात भारतातली वेळ लिहिली. औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, पॉवर बँक आणि सगळ्या कागदांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत घेतल्या.

मुंबईच्या टर्मिनल 2 वर काउंटरवरच्या मुलीनं माझ्या दोन्ही बॅगांना लांब कागदी पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर तीन-तीन अक्षरांच्या खुणा होत्या. मुंबईचं नाव 1995 साली बदललं, पण विमानतळाची खूण अजून बॉम्बेवरून पडलेली बीओएमच आहे. फ्रँकफर्टची एफआरए, शिकागोची ओआरडी, आणि डिमॉइनची डीएसएम. ती म्हणाली, ‘बॅगा डिमॉइनपर्यंत टॅग केल्यात सर, पण शिकागोला तुम्हाला घ्याव्या लागतील.’ तिच्या तोंडचं हे रोजचं वाक्य, भरभर निघून गेलं. मी तिला पुन्हा सांगायला लावलं. टॅग डिमॉइनचा असेल तर शिकागोला बॅगा का घ्यायच्या, हेही विचारलं. तिनं पेन काढलं, माझ्या पावतीवर ओआरडीभोवती गोल केला आणि सावकाश सांगितलं, ‘अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतरता, तिथं कस्टम असतं. बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि बाहेर पुन्हा द्यायच्या. फ्रँकफर्टला काही करायचं नाही.’ ते निळं वर्तुळ मी पुढं दिवसभर जपलं.

मुंबईहून विमान पन्नास मिनिटं उशिरा निघालं. साडेआठ-नऊ तासांच्या त्या प्रवासात मला झोप लागली नाही. फ्रँकफर्टला सकाळ होती. विमानातून उतरलो आणि सगळे जात होते त्यांच्यामागं चालू लागलो. ही माझी चूक होती. गर्दी एका रांगेत जाऊन थांबली, मीही थांबलो. पंधरा-वीस मिनिटांनी वरच्या पाटीकडं नीट पाहिलं तेव्हा उमगलं, की ही रांग जर्मनीत प्रवेश करणाऱ्यांची आहे. मला जर्मनीत जायचंच नव्हतं. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, त्यामुळं तिथून नुसतं पुढं जायला वेगळा व्हिसा लागत नव्हता. जर्मनीच्या प्रवेशासाठी मात्र माझ्याकडं काहीच नव्हतं.

घशाला कोरड पडली. रांगेच्या टोकाशी गणवेशातली एक बाई उभी होती. तिला बोर्डिंग पास दाखवला आणि जेवढं इंग्रजी येतं तेवढ्यात विचारलं, ‘शिकागो, व्हेअर?’ तिनं पासवरच्या झेड या अक्षरावर बोट ठेवलं, मग छतावरच्या पाटीतलं तेच अक्षर दाखवलं. तेवढ्यानं काम झालं. आमचं विमान बीच्या बाजूला लागलं होतं आणि शिकागोचं झेडकडून सुटणार होतं. मग मी फक्त त्या अक्षराच्या मागं गेलो. जमिनीखालचा बोगदा, सरकते पट्टे, वर जाणारी लिफ्ट. वाटेत पुन्हा सुरक्षा तपासणी झाली, तिथं पाण्याची बाटली रिकामी करावी लागली.

एसटीत फलाट चुकला तरी कंडक्टरची हाक कानावर येते, चार माणसं ओरडून सांगतात. इथं हाकेवर विसंबून चालत नाही. फलकाकडं जायचं, आपला विमान क्रमांक शोधायचा, दार तेच आहे ना ते पाहायचं आणि अर्ध्या तासानं पुन्हा पाहायचं. आणखी एक गोष्ट मी तिथं शिकलो. पासवर ठळक छापलेली वेळ विमानात चढायला सुरुवात होण्याची असते, आणि सुटण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी दार बंद होतं. दारापाशी पासपोर्ट पुन्हा पाहिला, बॅग कुणी भरली, कुणी काही दिलंय का, असे प्रश्न विचारले. मी तासभर आधी तिथं होतो, म्हणून शांतपणे उत्तरं देता आली.

पुढं नऊ-एक तासांनी शिकागो आलं. या विमानतळाला दुसऱ्या महायुद्धातले नौदलाचे वैमानिक एडवर्ड ओहेर यांचं नाव 1949 साली दिलं गेलं. त्याआधी त्याला ऑर्चर्ड, म्हणजे फळबागेवरून पडलेलं नाव होतं, आणि ओआरडी ही खूण त्या जुन्या नावाचीच आहे. आम्ही टर्मिनल 5 वर उतरलो. प्रवेशाच्या रांगेत मला सव्वा तास लागला. दीड तासाचा पर्याय मुलीनं का सोडला, ते तिथं उभ्या-उभ्या समजलं. अधिकाऱ्यानं बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, कशासाठी आलात, किती दिवस राहणार, विचारलं. मी मुलीचा पत्ता आणि परतीचं तिकीट पुढं केलं. त्यानं शिक्का मारला.

सामानाच्या पट्ट्यापाशी एक बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, नऊवार नव्हे पण तशाच चापूनचोपून नेसलेल्या साडीत, वर स्वेटर. त्यांची तपकिरी बॅग समोरून फिरून गेली, हँडलला बांधलेली पिवळी चिंधी मी पाहिली. बाईंनीही पाहिली. ओळख पटल्यासारखी मान हलवली आणि बॅगेला पुढं जाऊ दिलं. दुसऱ्या फेरीलाही तसंच झालं. मी जवळ जाऊन हिंदीत विचारलं. त्यांना फक्त तेलुगू येत होतं. त्यांनी हाताचा पंजा लांब नेत खूण केली: ती पुढं जाणार आहे, मुलाकडं. कॅन्सस सिटीचा पास दाखवला.

त्यांना कुणीतरी सांगितलं असणार, की बॅग शेवटपर्यंत जाते. त्यात खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. अशी अर्धी माहिती मीही खिडकीतून कितीजणांना दिली असेल, हे त्या क्षणी मला टोचलं.

मी माझी पावती काढली आणि निळं वर्तुळ दाखवलं. मग त्यांच्या पावतीवर तीच तीन अक्षरं शोधली, ओआरडी, आणि माझ्या पेनानं त्यांच्याभोवती तसाच गोल केला. मग माझी बॅग उचलून दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं, की समजलं. दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही, असं मुलीनं बजावलं होतं, आणि कस्टमच्या अलीकडं ते पाळलेलंच बरं. मी तिथल्या कामगाराला हाक मारली. पिवळी चिंधी तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यानं बॅग त्यांच्या ट्रॉलीवर ठेवली.

कस्टमला खाण्याचं काय आणलंय विचारलं. मी मेतकूट, डिंकाचे लाडू, लिंबाचं लोणचं, सगळं यादीसकट सांगितलं आणि त्यांनी जाऊ दिलं. बाहेर पडल्या-पडल्या पुढच्या प्रवाशांच्या बॅगा परत घेणारा पट्टा होता. तिथं बॅगा दिल्या आणि हात मोकळे झाले.

आम्हा दोघांचीही विमानं टर्मिनल 1 वरून होती. टर्मिनलांमधून चालणाऱ्या छोट्या, चालक नसलेल्या गाडीनं आम्ही तिथं पोहोचलो. पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा बूट-पट्टा. आत बी विभागात ब्रॅकिओसॉरस या डायनोसॉरच्या सांगाड्याची चार मजली उंच प्रतिकृती उभी आहे, शिकागोच्या फील्ड म्युझियमची. बाईंचं दार तिथून जवळ होतं. तिथल्या कर्मचाऱ्याला त्यांचा पास दाखवून मी त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, पण सोलापूरची गाडी मिळालेल्या माणसाचा आवाज मी ओळखतो.

माझं विमान सी विभागातून. तिकडं जायला जमिनीखालून बोगदा आहे. त्याच्या छतावर 1987 सालापासून निऑन नळ्यांचे रंग वाहत असतात. सरकत्या पट्ट्यावर उभा राहून मी ते पाहिले आणि मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदा घड्याळाकडं न बघता दोन मिनिटं घालवली. सव्वा तासानं डिमॉइन. छोटा विमानतळ, आणि काचेपलीकडं सौ. आणि पोट सावरत उभी असलेली मुलगी.

दुसऱ्याच आठवड्यात कराडहून माझ्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. ऑगस्टमध्ये तोही मुलाकडं निघणार होता, पहिल्यांदाच. ‘तुझा तक्ता पाठव,’ म्हणाला. मी नवीन पान घेतलं. ठिकाण आणि वेळ हे रकाने ठेवले आणि पुढं आणखी चार आखले. कुठं उतरायचं. पुढची गाडी कुठं लागते. सामान कुणी उचलायचं. कुणाला विचारायचं.

पहिले दोन आणि शेवटचा प्रश्न त्या मावशींचे होते. या वेळी मी प्रत्येकासमोर पूर्ण उत्तर लिहिलं.