नकोसं टपाल

आमच्या घरी आलेलं पत्र फेकायची रीत नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक वाकडी तार टांगलेली असे. लग्नपत्रिका, आत्याचं आंतरदेशीय, विजेचं बिल, बुक-पोस्टानं आलेलं बियाण्यांचं जाहिरातपत्रक, जे येईल ते तिच्यात टोचलं जाई. दुखवट्याचं पत्र तेवढं वाचून झालं की फाडायचं. बाकी कशालाही ‘नको’ म्हणायचा अधिकार आपल्याला आहे, असं घरात कुणाला वाटत नसावं.

त्याचं कारण अण्णा. ते रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. मिरज-पुण्याच्या रात्रीच्या गाडीत, हलत्या टपालडब्यात उभं राहून पत्रं खणांत लावायची, थैल्या बांधायच्या, स्टेशन आलं की उतरवायच्या. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला तेव्हा ते नोकरीत नवे होते. ती पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात कविता करणारे मराठी गृहस्थ होते, याचा अण्णांना आजही अभिमान आहे. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. सॉर्टरनं एवढंच वाचायचं. आत प्रेमपत्र आहे की शिवीगाळ, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पत्र उघडायचा अधिकार फक्त रिटर्न्ड लेटर ऑफिसला, आणि तोही पत्र परत कुणाला धाडायचं ते शोधण्यापुरता.

ऐंशीच्या दशकात संतोषी मातेची कार्डं येत. अमक्यानं हे कार्ड अकरा जणांना पाठवलं, त्याला नोकरी लागली. तमक्यानं फाडलं, त्याचा मुलगा गेला. अण्णा देवाधर्माचे नव्हते, आई होती. ती दुपारी पोथी वाचायच्या पाटावर बसून पंधरा पैशांची कार्डं एकामागून एक लिहून काढी. त्यांतली काही त्याच रात्री अण्णांच्या हातून खणांत गेली असणार. बायकोचं अक्षर ओळखूनही त्यांनी एकही कार्ड बाजूला काढलं नाही, याबद्दल मला शंका नाही. भीती कुणीतरी फुकट धाडायची आणि कार्डांचे पैसे आमच्या डब्यातल्या मोडीतून जायचे, हा हिशेब तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता.

तसा टपालातही एक प्रकार होता, ज्याचा खर्च घेणाऱ्यावर पडे. तिकीट कमी लावलेलं पत्र बेरंग होऊन यायचं आणि पोस्टमन दारात कमी पडलेल्या रकमेची दुप्पट मागायचा. पण ते नाकारता येई. ‘नाकारलं’ असा शेरा घेऊन ते पाठवणाऱ्याकडे परत जाई. हा साधा शेरा ई-मेलमध्ये कुणाला सुचला नाही. तिथे पाठवणाऱ्याला एक पत्र धाडायला जेवढा खर्च, जवळपास तेवढाच लाखभर धाडायला. उरलेलं सगळं बेरंग.

याची सुरुवात फार लवकर झाली. 1978 च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क या विक्रेत्यानं अर्पानेटवरच्या चारेकशे लोकांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण एकगठ्ठा पाठवलं. पत्ते इतके झाले की रकान्यात मावेनात. उरलेले मजकुरात सांडले. लोक संतापले, पण त्याची यंत्रं खपली. दुसरी गोष्ट घडली म्हणून पहिलीला कुणी विचारलं नाही.

माझ्या वाट्याला हे आलं ते पुण्यातल्या सायबर कॅफेत. हॉटमेलचं खातं, लाकडी फळ्यांचं खुराडं, आणि बाहेर पोराच्या वहीत लिहिलेली माझी सुरू झाल्याची वेळ. पान उघडेपर्यंत मिनिटं पळत आणि उघडल्यावर निघे कुणा दिवंगत आफ्रिकी मंत्र्याच्या विधवेचं पत्र: काही कोटी डॉलर अडकलेत, आपल्यासारख्या सज्जनाची मदत हवी. तुरुंगातल्या श्रीमंत स्पॅनिश कैद्याच्या नावानं असली पत्रं एकोणिसाव्या शतकातही फिरत होती; विधवा ही त्याचीच नवी आवृत्ती. मला राग विधवेचा येत नसे, वहीतल्या वेळेचा येई. तिचं पत्र मी पैसे मोजून वाचत होतो.

मग गाळण्या आल्या. पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरनं 2002 मध्ये एक युक्ती मांडली. कचरा कसा ओळखायचा याचे नियम लिहीत बसू नका. माणसानं कचरा म्हणून टाकलेल्या पत्रांत कोणते शब्द किती वेळा येतात आणि ठेवलेल्या पत्रांत किती वेळा, हे यंत्राला मोजू द्या. नवं पत्र आलं की यंत्र त्यातल्या शब्दांवरून संभव काढील. कल्पना अगदी नवी नव्हती, आणि त्यामागचं गणित तर अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचं. पण चालली झकास. बिल गेट्सनी 2004 च्या जानेवारीत जाहीर केलं की दोन वर्षांत हा प्रश्न संपेल. प्रश्न संपला नाही, पण आपल्या नजरेआड झाला. तो आता ‘स्पॅम’ नावाच्या कप्प्यात राहतो आणि जीमेलमध्ये तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो.

हे मी अण्णांना समजावून सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले.

“म्हणजे पत्र आधी वाचतात आणि मग लावतात?”

“माणूस नाही वाचत, अण्णा. यंत्र वाचतं.”

“वाचतं ना पण?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी डोकेदुखी थांबली, हे खरं. ती थांबावी म्हणून माझं प्रत्येक पत्र कुणीतरी आतून चाचपतं, हेही खरं. अण्णांच्या डब्यात संतोषी माता आणि कोर्टाची नोटीस शेजारीशेजारी गेली, कुणी न उघडता. माझा ओढा अजूनही गाळणीकडेच आहे. पण आपण काय देऊन काय घेतलं, हे बोलायला एक निवृत्त सॉर्टर लागला.

कायद्याचं म्हणाल तर त्रासदायक आणि पाठवणाऱ्याबद्दल दिशाभूल करणाऱ्या ई-मेलसाठी आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात 66-अ कलमाचा एक तुकडा होता. त्याच कलमाखाली 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. ते गेलं हे बरंच झालं.

उरतात आपल्या हातातले उपाय. माझे दोन पत्ते आहेत: एक माणसांसाठी, एक दुकानांसाठी. बिलाच्या खिडकीवर “सर, मेल आयडी?” विचारलं की दुसरा देतो. आपण स्वतः जिथे नाव दिलं तिथलं ‘अनसबस्क्राइब’ दाबावं, ते बहुतेकदा चालतं. अनोळखी ठगाच्या पत्रातलं दाबू नये; इथे जिवंत माणूस राहतो, एवढंच त्याला कळतं.

अण्णांना हे काही सांगावं लागलं नाही. टॅबलेट आल्यावर ते प्रत्येक पत्र उघडणार, विधवेला उत्तर देणार, अशी मला धास्ती होती. उघडतात ते सगळं; फसत मात्र नाहीत. नावाकडे त्यांचं लक्षच जात नाही, थेट पत्ता बघतात, तोही शेवटाकडून. पाठवणारा ‘अमुक बँक, केवायसी विभाग’ म्हणवतो, आणि पत्त्याच्या शेपटाला निघतं भलतंच. रिझर्व्ह बँकेनं बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा वेगळा शेवट ठरवून दिला तेव्हा ते म्हणाले, “आला बघ पिनकोड.”

सर्वांत चिडले ते टपाल खात्याच्या नावानं आलेल्या पत्रावर. पत्ता अपुरा असल्यामुळे तुमचं पार्सल गोदामात अडकलं आहे, खालच्या दुव्यावर थोडे पैसे भरा. “अपुरा पत्ता?” त्यांचा आवाज चढला. “नुसतं गाव लिहिलेली पत्रं पोचवली आम्ही! आणि पार्सल माझं आहे हे कळलं, मला मेल धाडता आला, मग पत्ता कसला अपुरा?” सायबर फसवणुकीच्या सगळ्या सूचनांत मला याहून चोख युक्तिवाद सापडलेला नाही.

हल्ली दर रविवारी ते माझाही स्पॅमचा कप्पा तपासतात. गाळणीवर त्यांचा भरवसा नाही. चुकीच्या खणात गेलेलं पत्र योग्य खणात लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मागच्या खेपेला त्यात सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस सापडली. सगळ्या सभासदांना एकगठ्ठा पाठवलेली असल्यामुळे यंत्रानं ती कचऱ्यात टाकली असावी, आणि मी मनातल्या मनात यंत्राचे आभार मानले असते. अण्णांनी ती बाहेर काढली, तारीख मोठ्यानं वाचून दाखवली आणि सभेच्या दिवशी संध्याकाळी चप्पल घालून माझ्या आधी दारात उभे राहिले. पार्किंगच्या उपसमितीवर आता माझं नाव आहे.