वणव्याची खबर

मार्च लागला की आलापल्लीकडच्या जंगलात पहाटेपासून मोहफूल वेचणारी माणसं असायची. आग लागली की पहिली खबर त्यांचीच. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायचे तेही तेच, हे खरं. पण आग हाताबाहेर गेली की धावत तेच येत. ‘गार्डसाहेब, नाल्यापलीकडं धूर निघून राह्यला!’ असं कानावर आलं की वनरक्षक निघे, आणि नाक्यावरून वायरलेसवर निरोप जाई.

त्या वायरलेसची मला अजून ओढ आहे. चॅनेल एकच. बोलणं वनपालाशी चाललेलं असे, ऐकत सगळे नाके. शेजारच्या बीटचा गार्ड न विचारता सांगे, ‘तिकडं जाळरेषा साफ आहे, तुम्ही डोंगराच्या अंगानं या, ओव्हर.’ यावरून एक प्रयोग आठवतो. अमेरिकेत हॅरल्ड लेव्हिट यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या त्या प्रयोगात पाच-पाच जणांच्या गटांना एकमेकांना निरोप देत कोडी सोडवायला दिली होती. सगळे निरोप मधल्या एकाकडून जात तिथं काम लवकर उरकलं, पण कडेची माणसं कंटाळली; गोलात निरोप देणारे जास्त चुकले, तरी कामावर खूश होते. सगळं एकाच्याच हातून जात नसल्यानं आमचे नाके त्या गोलाच्या जवळचे होते.

वर जाणाऱ्या कागदावर मात्र आग दर पायरीला लहान होत जाई, कारण मोठ्या आगीचा जाब द्यावा लागे.

२००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे इशारे देऊ लागलं. आता ते थेट मोबाईलवर येतात. ३७५ मीटरच्या चौकोनापर्यंत जागा कळते, रात्रीची आगही दिसते. डोंगरापलीकडे धुमसणारी आग आम्हाला फार उशिरा कळे, आणि आता आकडा दडवणंही अवघड झालंय. हे सोडून मी जुन्या काळात परत जाणार नाही.

पण खबर आता वरून खाली येते. गार्ड जागेवर जातो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. मोहफूल वेचणारी बाई त्या ग्रुपवर नाही. उपग्रह आपल्या वेळेलाच डोक्यावरून जातो. ही बाई पहाटेपासून तिथंच असते. आग कशानं लागली, वारा कुठं वळला, हे तिला विचारावं लागतं. आग लहान असते तेव्हा हिरव्या फांदीनं झोडपून विझते, आणि तेवढा वेळ फक्त त्या बाईच्याच हातात असतो. म्हणून नव्या पोरांना मी सांगतो, बीटच्या ग्रुपवर गावातले चार नंबर घ्या. टॉवर नसेल तिथं नाक्यावरचा वायरलेस चालू ठेवा.