'अकाली निधन' हे शब्द आम्ही आता लिहीत नाही

12 एप्रिलची रात्र. जयंतीच्या मिरवणुकीची बैठक संपवून आम्ही विहारातून उठत होतो. भाऊ मात्र भिंतीला टेकून बसून राहिले. कपाळावर घाम, छातीवर हात. "काही नाही रे बाबू, गॅस हाय," म्हणाले. आम्ही लिंबू-सोडा आणला आणि पाठ चोळली. अर्धा तास असाच गेला. मग ऑटोत घालून जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेले, तर काउंटरवर आधी डिपॉझिट भरा म्हणून सांगितले. जयंतीच्या वर्गणीचे पैसे मोजले, उरलेल्यासाठी फोन फिरवले. त्यात आणखी पाऊण तास. भाऊंनी सकाळ पाहिली नाही. वय 46.

14 तारखेला चौकात निळ्या झेंड्यांच्या शेजारी त्यांचा फ्लेक्स लागला. 'चळवळीचा आधारवड हरपला. अकाली निधन.' हा मजकूर आम्हीच लिहून दिला होता.

आज त्या शब्दांची आम्हाला लाज वाटते. अकाली म्हणजे काय? काळाने घाला घातला, कोणाचा दोष नाही, असेच ना? ही भाषा नशीब मानणाऱ्यांची आहे. बुद्धांनी आपल्याला प्रतीत्यसमुत्पाद शिकवला. कारण असेल तर परिणाम होतो, कारण काढले तर परिणाम टळतो. भाऊंच्या पाकिटात नंतर दोन वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी सापडली. रक्तदाब 170/100, रोज एक गोळी. "एकदा लागली की सुटत नाही," असे वहिनींना सांगून त्यांनी ती गोळी सुरूच केली नव्हती. म्हणजे कारण दोन वर्षे त्यांच्या खिशात होते.

हा विषय आम्ही बैठकीत काढला तेव्हा एक सहकारी म्हणाला, "हे मॉर्निंग वॉकवाल्यांचे चोचले आहेत. आपले प्रश्न वेगळे, अत्याचाराचे, आरक्षणाचे." टाळ्याही पडल्या. मित्रांनो, हाच गैरसमज आपल्या मुळावर आला आहे. हृदयरोग श्रीमंतांचा, हे आपल्याला जाहिरातींनी शिकवले, कारण जाहिरातीत ट्रॅकसूट घालून धावणारा कधी आपल्या वस्तीतला नसतो. रात्रपाळीचा कंत्राटी सफाई कामगार, बारा तास ऑटो चालवणारा पोरगा, चार घरची धुणीभांडी करणारी मावशी यांचा रक्तदाब कोण मोजतो? मोजायला जायचे तर रोजी बुडते. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तो कळतो तेव्हा थेट झटका येतो, नाहीतर अर्धांगवायू.

1888 साली जोतीराव फुल्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, तर त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' पूर्ण केले. आपण हे अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवे. बाबासाहेब मधुमेहाने पोखरलेल्या शरीरानिशी लिहीत राहिले आणि 65 व्या वर्षी गेले. पण आजच्यासारखी औषधे त्या काळात नव्हती. आज रक्तदाबाची गोळी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते, तरी कार्यकर्ता शरीराची हेळसांड करतो आणि तिला त्याग म्हणतो. हा कसला वारसा?

शासनालाही सोडायचे नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचा अनुच्छेद 47 सांगतो. तातडीच्या प्रसंगी जीव वाचवण्याची जबाबदारी सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरवर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात म्हटले. त्या रात्री काउंटरवर उभ्या असलेल्या आम्हा पाचजणांपैकी तिघे पदव्युत्तर होते. एकालाही हा निकाल माहीत नव्हता. आम्ही नोटा मोजत बसलो.

आणि खर्रा? बाहेरचा कोणी आपल्या तोंडात तो कोंबत नाही. पंचशील म्हणून झाले की विहाराच्या कट्ट्यावर पन्नी चोळणारे आम्ही पाहिले आहेत, त्यांत आम्हीही होतो. "पाचव्या शीलात दारू आहे, तंबाखू नाही," असा वकिली मुद्दाही मांडला जातो. रक्तवाहिन्यांना हा युक्तिवाद कळत नाही. तंबाखू नसा आकसवते, रक्तदाब वाढवते. वर ताटात लोणचे, पापड, ठेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढेच मीठ पुरे. आपल्याकडे तेवढे कधीकधी एका जेवणातच जाते.

यंदा जयंतीला डीजेचे दोन बॉक्स कमी लावले. भांडणे झाली, पोरे रुसली. त्या पैशातून विहारात रक्तदाबाचे डिजिटल मशीन आले आणि पैसे उरलेही. आता दर रविवारी वंदनेनंतर मोजणी होते. पाच मिनिटे शांत बसवायचे, मग पट्टा बांधायचा. 140/90 किंवा वर आले तर घाबरवायचे नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचे, तरीही जास्त असेल तर सोबत जाऊन डॉक्टरला दाखवायचे. सोबत जाणे महत्त्वाचे, नुसते सांगून कोणी जात नाही. गोळी सुरू झालेल्यांची नावे वहीत आहेत, ती मध्येच सोडली का हे विचारायला दोन मुली घरी जातात. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई मशीनची टिंगल करत बसल्या आणि आकडा 180 च्या वर निघाला.

भिंतीवर एक कागदही लावला आहे. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप, यांतले काहीही अचानक झाले तर सोडा नाही, लगेच 108. बायकांना आणि मधुमेह असणाऱ्यांना छातीत दुखेलच असे नाही, नुसती धाप किंवा मळमळही पुरते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच नीट काम करते. म्हणून ईसीजी निघेल असा दवाखाना कोणता, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणते रुग्णालय आहे, हे आजच पाहून ठेवा. आम्ही ते पाहून त्याच कागदावर लिहिले आहे.

वही सांभाळायचे काम वहिनींनी स्वतःहून मागितले. पहिले तीन रविवार त्या फक्त इतरांचे आकडे लिहीत होत्या. चौथ्या रविवारी सगळे गेल्यावर त्यांनी बाही वर केली आणि हात मशीनपुढे ठेवला.